बाबांनी नापास केलेली बटणं

बाबांचं स्वरयंत्र काढावं लागणार हे कळलं त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणीही रडलं नाही, कारण घरात अँटिव्हायरसकाका बसले होते.

काका शेजारी राहतात. शिडी परत करायला आले होते. संगणकाचं काहीही बिघडलं की ‘व्हायरस’ हे त्यांचं निदान ठरलेलं असतं. आमच्या प्रिंटरमधला कागद संपला होता तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं होतं. बाबांच्या घशातल्या गाठीचं ऐकून त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी ते मिटलं. मग शिडी तशीच हातात धरून ते सोफ्यावर बसून राहिले.

“डॉक्टर नक्की काय म्हणाले?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

सर्जन जे म्हणाले ते उभ्यानेच म्हणाले होते. ते नेहमी उभ्यानेच बोलतात, एक हात दाराच्या मुठीवर ठेवून, म्हणजे वाक्य संपता संपता बाहेर पडता येतं. “आवाज जाईल, माणूस राहील,” असं म्हणून त्यांनी मूठ फिरवली होती. आम्ही तिघं जिना उतरत असताना बाबा म्हणाले, “वाक्य चांगलं आहे. पण पाठ केलेलं वाटतं.”

बाबा पंपांच्या कारखान्यात तपासनीस होते. तिथली पद्धत अशी होती की तपासणाऱ्याचे दोन्ही हात पंपात आणि मापकात अडकलेले असायचे, म्हणून तो दोष मोठ्याने बोलून दाखवायचा आणि शेजारी बसलेला माणूस ते लिहून घ्यायचा. बाबांनी सगळी नोकरी अशी बोलून केली. निवृत्तीनंतर पंप गेले, लिहून घेणारा गेला, तोंड तेवढं चालू राहिलं. भाजीच्या टोपलीसमोर उभे राहून ते खणखणीत आवाजात म्हणत, “डाग. मऊ. देठ नाही. नापास,” आणि भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे केविलवाणं बघत राही. या पद्धतीचा दुसरा परिणाम असा की त्यांचा लिहिण्याशी संबंध सहीपुरता उरला होता. बाकी त्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाही लागत नसे. त्यामुळे ऑपरेशननंतर पाटीवर लिहून बोलतील ही सर्जनची सूचना घरात कोणी विचारातच घेतली नाही.

“मोबाईलवर मिळतं की असलं,” काका म्हणाले. “टाईप केलं की फोन बोलतो. फुकट.”

मी लगेच फोनवर ते उतरवून घेतलं. बाबांचा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबतो, त्यामुळे बराच वेळ नुसता खडखडाट झाला. शेवटी मी ‘पाणी दे’ लिहून दिलं. फोनमधून एक तरुण, प्रसन्न बाई बोलली, “पाणी दे.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “हे आता माझ्याकडे परक्या बाईच्या आवाजात पाणी मागणार?” ती म्हणाली. “मी नाही देणार.”

तिथेच माझ्या कामाचा जन्म झाला. मी म्हटलं, ऑपरेशनला काही आठवडे आहेत, त्याआधी बाबांच्याच आवाजात रोजची वाक्यं ध्वनिमुद्रित करू. मग संगणकाच्या पडद्यावर मोठमोठी बटणं ठेवू. बटण दाबलं की बाबांचा आवाज. ना अंगठा, ना परकी बाई. रविवारभराचं काम आहे, असंही मी म्हणाले. हे वाक्य पुढे घरात इतक्या वेळा मला ऐकवण्यात आलं की ते मुद्रित करून ठेवायची वेगळी गरज राहिली नाही.

अडचण एवढीच होती की बटणं तीन ठिकाणी चालायला हवी होती. घरचा संगणक जुना, बाबा त्यावर पत्त्यांचा डाव खेळायचे तो. ऑपरेशननंतर काही आठवडे बाबा ताईकडे राहणार होते, कारण तिचं घर दवाखान्याजवळ. तिच्याकडे चकचकीत लॅपटॉप, आतली प्रणाली निराळी. आणि वॉर्डात रुग्णांसाठी एक संगणक होता, त्यात तिसरीच. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर आहे. प्रयोगशाळेत मोजमापाचे बरेच प्रोग्राम लिहिले होते, पण त्यांना खिडकी नव्हती, बटण नव्हतं. आकडे वरून खाली पडत राहायचे आणि आम्ही खूश असायचो. खिडक्या आणि बटणं स्वतः कोरायची नसतात, त्यांच्या तयार भागांची पेटी मिळते, तिला टूलकिट म्हणतात, हे मला वाचून कळलं. तिन्ही प्रणालींवर चालणाऱ्या अशा पेट्या बऱ्याच आहेत हेही कळलं. इथे एखाद्या सामान्य माणसाने पहिली पेटी उचलली असती. मला मात्र शिकवलं गेलं होतं की तुलना केल्याशिवाय निवड करायची नाही.

“आधी आवाज घेऊन ठेव की,” आई म्हणाली. “बटणं काय, नंतर होतील.”

मी तिला समजावलं. कोणती पेटी कोणत्या प्रकारची ध्वनिफीत नीट वाजवते हे ठरल्याशिवाय ध्वनिमुद्रण करणं अशास्त्रीय होतं. एका प्रकारातून दुसऱ्यात नेता येतं, पण थोडा आवाज वाटेत गळतो. डॉक्टरांनी घसा जपायला सांगितलेला. मग एकदाच, योग्य प्रकारात, शांतपणे घेऊ. बाबांना दोनदा बोलायला लावायचं नाही.

आईने बाबांकडे पाहिलं. मला वाटलं ते तिची बाजू घेतील. पण बाबा म्हणाले, “बरोबर आहे तिचं. यंत्र पास झाल्याशिवाय त्यात माल घालायचा नाही. मी तपासतो एकेक. आण, शास्त्रज्ञबाई.”

आईने पदराला हात पुसले आणि आत गेली. आमच्या दोघांपुढे ती पूर्वीपासून अल्पमतात आहे.

पहिली पेटी मी ‘थोरला’ म्हणून ओळखते. ती जुनी, भरभक्कम आणि सर्वज्ञ होती. तिच्यात विमानाच्या कॉकपिटपासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत काहीही बनवता येत होतं, त्यामुळे एक बटण बनवायला आधी काय काय नको आहे ते सांगावं लागत होतं. तिचा परवाना मी तीनदा वाचला; धंद्यासाठी वापरली तर पैसे पडत होते. वडिलांचा घसा हा व्यावसायिक वापर ठरतो का, एवढंच मला हवं होतं. मी त्यांच्या चर्चेच्या पानावर नम्रपणे विचारलं. एकाने लिहिलं, ठरत नाही. दुसऱ्याने लिहिलं, पहिल्याला परवाना कळत नाही. तिसऱ्याने स्वातंत्र्य या विषयावर दीर्घ लिहिलं. माझ्या प्रश्नाखाली त्यांचं भांडण पुष्कळ दिवस चाललं. मधेच एका सद्गृहस्थाने ‘वडिलांना आराम पडो’ असं लिहिलं, तर त्याला विषय सोडून बोलल्याबद्दल तंबी मिळाली.

तरी थोरल्यात मी एक खिडकी बनवली. बटणांना आवाज तर हवा, म्हणून मी मायक्रोफोन चालू करून ठेवला; बाबा तपासताना बोलतील त्यातलाच एखादा तुकडा बटणाला चाचणीसाठी लावायचा आणि पुढे पुसून टाकायचा. बाबांनी चष्मा नाकावर ओढला आणि पंपासमोर बसावं तसे ते पडद्यासमोर बसले.

“डावा कोपरा. बटण चौकटीबाहेर. अक्षर बारीक. कोणी केलंय हे?”

“मी, बाबा.”

“दिसतंय.” त्यांनी बटण दाबलं. त्यांचाच आवाज थोडा थांबून आला: कोणी केलंय हे? बाबांनी कान टवकारले. “उशीर. दाबल्यावर बोलायला उशीर लागतो. नापास. पुढचं आणा.”

दुसरी पेटी आपल्यासोबत अख्खा ब्राउझर घेऊन येते. चार बटणांसाठी एवढं बिऱ्हाड कशाला, असं मला वाटलं, पण जगातले निम्मे लोक हेच वापरतात असं वाचलं होतं. ताईच्या लॅपटॉपवर ते देखणं दिसलं. घरच्या संगणकावर पंखा इतक्या जोरात फिरला की कपाटावरचा कागद हलला. खिडकी उघडेपर्यंत बाबा टेबलावर बोटं वाजवत बसले. आईने आतून विचारलं, “चहा ठेवू का?” बाबा म्हणाले, “ठेव. तुलाही घे.” चहा आला, निम्मा संपला, तेव्हा कुठे खिडकी उघडली.

“उरलेला चहा थंड झाला,” बाबा म्हणाले. “माझा श्वास अडकला तर हे उघडेपर्यंत मी असेन का? नापास.”

तिसरी पेटी सडपातळ आणि चपळ होती. मला ती मनापासून आवडली. मी बटणांवर नावं घातली आणि पाहते तर जोडाक्षरं फुटलेली. ‘श्वास’ मधला श आणि वा एकमेकांशी बोलत नसल्यासारखे लांब उभे. ‘त्रास’ तर वाचताना खरंच त्रास होत होता. मी तिच्या कर्त्यांना लिहिलं. उत्तर आलं की ही माहीत असलेली अडचण आहे, बरीच वर्षं माहीत आहे, आणि तुम्ही दुरुस्त करून पाठवल्यास आनंद होईल. मी दुरुस्त करायला बसले. एका मुलीने वडिलांसाठी चार बटणं करायला घ्यावीत आणि अक्षरांचे सांधे जोडण्याच्या शास्त्रात बुडून जावं, यात कोणाला काही चुकल्यासारखं वाटत असेल, तर मला त्या वेळी वाटलं नव्हतं. विषय फारच सुंदर होता.

“अक्षर फुटलंय,” बाबा पडद्याला बोट लावून म्हणाले. “फुटलेलं सांधू नये. नापास.”

या काळात बाबांचा आवाज बदलत होता. आधी घोगरा होता, मग खरखरीत झाला, मग प्रत्येक वाक्याच्या शेवटी हवा निसटल्यासारखा येऊ लागला. मला ते ऐकू येत होतं. आलेखावर तर स्पष्ट दिसत होतं, कारण प्रत्येक चाचणीची ध्वनिफीत माझ्याकडे होती आणि लहरींचा वरचा भाग झिजत चालला होता. मी ती नोंद घेतली. पेटी बदलल्यामुळे असेल, अशी शक्यताही तपासून पाहिली.

काका अधूनमधून येत. “एक्सेलमध्ये कर,” ते म्हणाले. त्यांच्या ऑफिसात सगळं एक्सेलमध्ये होई. मुलीच्या लग्नातल्या पाहुण्यांच्या खुर्च्यासुद्धा त्यांनी एक्सेलमध्ये मांडल्या होत्या, आणि व्याही नेमके दोन रकान्यांच्या रेषेवर आले होते. “आणि वाक्यं कोणती घेणार? एक सुचवू? ‘ही सही माझीच आहे.’ बँकेत उपयोगी पडतं. माणूस बोलत नाही म्हटल्यावर लोक काय वाटेल ते करतात.”

आईला वेगळी वाक्यं हवी होती. पंखा लाव. दुखतंय. जरा वळव मला. ताईला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, “मुलांच्या वाढदिवसाचं एक घे. दर वर्षी लागेल.” मग म्हणाली, “अगं, कोणत्याही एका पेटीत कर आणि मोकळी हो ना. मी लग्न ठरवताना एवढी चौकशी केली नव्हती.”

“म्हणूनच,” मी म्हणाले, आणि ताईने माझ्याशी बोलणं टाकलं.

वास्तविक मी मोकळी होऊ शकत नव्हते, त्याला दवाखान्याचा संगणक विभाग जबाबदार होता. तो तळघरात, धुलाईखोलीच्या पलीकडे होता. तिथल्या साहेबांना वॉर्डातल्या परिचारिका ‘पासवर्ड’ म्हणत, कारण ते रोज बदलत. त्या दिवशी ते बरे होते.

“वॉर्डातल्या मशीनवर बाहेरचा प्रोग्राम चालवायचा तर मंजुरी लागते,” ते म्हणाले. “प्रोग्राम कशात केलाय?”

“तेच ठरवतेय.”

“मग ठरवून या. मंजुरी प्रोग्रामला नसते, तो ज्यात केलाय त्याला असते.”

“आणि नंतर बदललं तर?”

“तर पुन्हा नव्याने.” त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. “म्हणून सांगतो, नीट विचार करून ठरवा. घाई करू नका.”

अख्ख्या प्रकरणात मला पटलेला हा एकमेव सल्ला होता.

चौथी पेटी ‘बहुरूपी’. ती ज्या प्रणालीवर जाईल तिथलीच बटणं उसनी घेते. कल्पना नामी, पण त्यामुळे घरी ‘दुखतंय’ पूर्ण दिसायचं, ताईकडे ‘दुखतं’ एवढंच, आणि वॉर्डातली प्रणाली घरच्या संगणकावर तात्पुरती चालवून पाहिली तिथे नुसतं ‘दुख’. बाबा त्या शेवटच्या बटणाकडे बराच वेळ बघत राहिले. “हे मात्र बरोबर छापलंय,” ते म्हणाले. आवाज आता इतका खाली गेला होता की मला मायक्रोफोन जवळ सरकवावा लागला. “बाकी अर्धवट. नापास. पुढचं आणा.”

पाचवी पेटी मात्र अशी निघाली की माझ्या सगळ्या कसोट्यांना उतरली. नवी कोरी होती. मी तिला ‘कालचं पोर’ म्हणायचे. हलकी, झटपट, जोडाक्षरं अखंड, आवाज दाबताक्षणी. मी ती बाबांसमोर ठेवली. बाबांनी प्रत्येक बटण दाबलं. कडा पाहिल्या. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकले आणि खिडकीबाहेर बघू लागले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं.

“बाबा?”

“पुन्हा दाखव.”

मी पुन्हा दाखवलं.

“पुढच्या रविवारी बघू,” ते म्हणाले. “आज नजर बसत नाहीये.”

मधल्या आठवड्यात त्या पेटीच्या कर्त्याने जाहीर केलं की तो संगणक कायमचे सोडून सुतारकाम करणार आहे, आणि इतक्या लोकांच्या प्रेमाबद्दल तो ऋणी आहे. आता तिच्यातल्या चुका दुरुस्त करणारं कोणी उरलं नव्हतं. मी हे बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं ते माझ्यासाठी हसले. “सुटला बिचारा,” ते म्हणाले. “चला, नापास. पुढचं आणा.”

पुढचं आणायला मी बसलेच होते. सहावी पेटी उतरत होती, पट्टी अर्ध्यावर आली होती, आणि स्वयंपाकघरातून आईची हाक आली. बाबा ओट्याला धरून उभे होते आणि त्यांच्या श्वासातून शिट्टीसारखा आवाज येत होता. ते मला काहीतरी सांगत होते. ओठ हलत होते, बोट गळ्याकडे जात होतं. आवाज येत नव्हता.

काकांनी गाडी काढली. सगळ्या वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यामुळेच मला पहिल्यांदा भीती वाटली. दवाखान्यात सर्जननी बाबांच्या गळ्याला बोट लावलं, “आत घ्या,” म्हणाले आणि मागचं दार उघडून गेले. थोड्याच वेळात बाबांच्या गळ्याला खाली एक भोक होतं, त्यात नळी होती, आणि ते शांतपणे श्वास घेत होते. श्वास आता घशातून वर जातच नव्हता. गाठ अपेक्षेपेक्षा वेगाने वाढली होती. मोठं ऑपरेशन लगेच करायचं ठरलं.

“थोडं बोलता येईल का आधी?” मी विचारलं. “काही वाक्यं घ्यायची राहिली आहेत. फक्त रोजची.”

सर्जनचा हात दाराच्या मुठीवरच होता. “ती वेळ गेली,” ते म्हणाले. हे मात्र पाठ केलेलं वाटलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. असं त्यांनी सांगितलं. बाबा वॉर्डात आले, गळ्याभोवती पट्ट्या, नाकात जेवणाची नळी. परिचारिकेने पाटी दिली. बाबांनी तिच्यावर काहीतरी काढलं. आईने उलटीसुलटी करून पाहिली. “नकाशा आहे का?” तिने मला हळूच विचारलं. बाबांनी पाटी पुसली, पुन्हा काढलं, मग डोळे मिटून पाटी पोटावर पालथी घातली.

मी तळघरात गेले. पासवर्डसाहेबांना म्हटलं, कोणतीही चालेल, तुम्ही सांगाल ती पेटी, पण आज मंजुरी द्या.

“एवढं काय आहे?” ते म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, मग स्वतःचा लॅपटॉप आणा की वॉर्डात. त्याला कोण नाही म्हणतंय? मंजुरी आमच्या मशीनसाठी लागते.”

“हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत.”

“तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही आमच्या मशीनबद्दल विचारलंत.”

धुलाईखोलीसमोरच्या बाकावर मी बराच वेळ बसले. तीन प्रणाली, पाच पेट्या, आणि लागणार होता तो एक लॅपटॉप, जो ताई पहिल्या दिवसापासून द्यायला तयार होती.

ताईने तो आणला. ती माझ्याशी बोलत नव्हती हे ती विसरून गेली होती. “काय घालणार यात?” तिने विचारलं. “आवाज तर नाही.”

“चाचण्यांचे तुकडे आहेत,” मी म्हणाले.

आम्ही दोघी वॉर्डाच्या बाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर बसून ते ऐकू लागलो. अक्षर बारीक. कोणी केलंय हे? उशीर. नापास. फुटलेलं सांधू नये. पुन्हा दाखव. पुढचं आणा. ताई आधी हसली आणि मग तिने तोंडावर ओढणी धरली. आमच्याकडे बाबांचं ‘पाणी’ नव्हतं. ‘दुखतंय’ नव्हतं. नातवंडांचा वाढदिवस नव्हता. कोणाचं नाव नव्हतं. जगात उरलेला बाबांचा सगळा आवाज म्हणजे माझ्या बटणांमधले दोष.

मी बटणं केली. कोणत्या पेटीत केली हे सांगायला आता संकोच वाटतो, कारण जी फाइल आधी उघडली तिच्यात केली. ती बहुरूपी होती. जेवणाची वेळ व्हायच्या आत काम झालं.

बाबांनी चष्मा मागितला. पडदा पाहिला. पहिलं बटण दाबलं आणि स्वतःचा आवाज ऐकून काही क्षण ते हललेच नाहीत. मग एकामागून एक दाबत गेले, आणि दुपारपर्यंत त्यांना कशाचा कुठे उपयोग करायचा ते लागलं होतं. परिचारिकेने नळीतून जेवण दिलं: “चहा थंड झाला.” उशी नीट बसेना: “पुन्हा दाखव.” सुईची जागा दुसऱ्यांदा चुकली: “कोणी केलंय हे?” काका भेटायला आले आणि लॅपटॉपवर नक्की व्हायरस कसा येतो ते समजावू लागले. बाबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि दाबलं: “नापास.” काका इतके खूश झाले की त्यांनी आणखी दोनदा दाबून घेतलं. बाहेर गेल्यावर मात्र ते जिन्यात उभे राहून रुमालाने चष्मा पुसत होते.

आई सगळ्यात शेवटी आली. तिने बटणांवरचं वाचलं, आणि एका बटणावर थांबली. “हे काय आहे?” मी ते दाबून दाखवलं. आधी तिचाच आवाज आला, लांबून, स्वयंपाकघरातून: चहा ठेवू का? मग बाबांचा: ठेव. तुलाही घे.

आईने लॅपटॉपचं झाकण थोडं पुढे ओढलं, जसं कोणी दार लोटतं. “त्यांना माहीत होतं,” ती मला म्हणाली. बाबा झोपले होते. “एखादं यंत्र पास केलं असतं तर वाक्यं बोलायला बसावं लागलं असतं. दुखतंय, वळव मला. ते बसणार नव्हतेच. तुलाही ते माहीत होतं.”

“मला नव्हतं माहीत,” मी म्हणाले. तिने बाबांचं पांघरूण सारखं केलं. मी परत एकदा मनात तपासलं. अजूनही तपासतेय.

त्या बटणांमध्ये एक मोठी उणीव होती: बाबांना कशालाच होकार देता येत नव्हता. त्यांनी आमच्या एकाही बटणाला पास केलेलं नव्हतं. मग मला शास्त्रीय उपाय सुचला. लहरींचा आलेख उघडून मी ‘नापास’ मधला ‘ना’ कापला, कडा गुळगुळीत केली, थोडा श्वास पुढे जोडला. स्वच्छ ‘पास’ तयार झालं. कुठेही सांधा कळत नव्हता. सकाळी मी ते नवं बटण हिरव्या रंगात लावून बाबांसमोर ठेवलं.

बाबांनी दाबलं. “पास,” त्यांचा आवाज म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी कारखान्यात बनावट शिक्का सापडल्यावर असेल. पुन्हा दाबलं नाही. बोट खाली आलं: “कोणी केलंय हे?”

“मी, बाबा.”

“फुटलेलं सांधू नये.”

मी हिरवं बटण काढून टाकलं. त्यांनी ते काढलेलं नीट तपासलं आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

काढलेल्या गाठीचा अहवाल यायचा होता. तो आला त्या दिवशी आई पलंगाच्या एका बाजूला होती, मी दुसऱ्या. सर्जन आले आणि दाराशीच उभे राहिले, हात मुठीवर. आपल्याला वाटलं होतं तेवढं स्वच्छ निघालं नाही, ते म्हणाले. कडेला थोडं शिल्लक दिसतंय. किरणांचे उपचार द्यावे लागतील, कदाचित औषधंही. त्याचे त्रास असतात. सगळ्यांना लागू पडतातच असं नाही. “आपण प्रयत्न करू,” असं म्हणून त्यांनी मूठ फिरवली.

बाबांनी हात उचलला. सर्जन थांबले. बाबांचं बोट बटणांवरून हळूहळू फिरलं, एकावर रेंगाळलं, पुढे गेलं.

“नापास,” लॅपटॉप म्हणाला. मग थोडं थांबून, “पुढचं आणा.”

सर्जननी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणतायत?”

“पुढे काय करायचं ते सांगा म्हणतायत,” मी म्हणाले. “सगळं. पहिल्यापासून.”

सर्जननी मुठीवरचा हात काढला. कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची ओढली, पलंगाजवळ आणली आणि ते बसले. बाबांनी चष्मा नाकावर ओढला आणि त्यांच्याकडे तोंड केलं.